रियासतीचा शेवटचा भाग

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं केलं. भांडीकुंडी, पलंग, हिंचक्याच्या पितळी साखळ्या यांची वाटणी पटकन झाली. पुस्तकांचं कपाट मात्र कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. खालच्या फळीवर गोविंद सखाराम सरदेसायांच्या 'मराठी रियासती'चे जुने भाग होते. काहींची बांधणी सुटलेली, एकाच्या कण्याला वाळवीने भोक पाडलेलं. सगळ्यांत धड स्थितीत होता तो शेवटचा भाग. असं का, ते उघडल्यावर कळलं. पहिल्या काही फर्म्यांनंतर त्याची पानं कापलेलीच नव्हती.

हल्लीच्या वाचकांना हे सांगायला हवं. त्या काळी बऱ्याच पुस्तकांचे फर्मे घडी घालून शिवत, पण कडा कापून देत नसत. वाचणाऱ्याने सुरी हाताशी ठेवायची आणि घड्या फोडत पुढे जायचं. त्यामुळे एखाद्याने पुस्तक कुठपर्यंत वाचलं हे शंभर वर्षांनीही समजतं. सही, शिक्का, समासातली टिपणं खोटं बोलू शकतात, न कापलेलं पान नाही. आमच्या आजोबांनी, ज्यांच्या तोंडी उठता-बसता रियासतकारांचं नाव असे त्यांनी, रियासत पुरी वाचली नव्हती.

आणि मीही नव्हती. मंडळात गेली सात-आठ वर्षं मी बडोद्याच्या इतिहासावर बोलतो, लिहितो, म्हणून हे कबूल करताना जरा लाज वाटते. संदर्भासाठी शेवटचा भाग शंभरदा चाळला होता. पाहिजे ते पान काढायचं, टिपून घ्यायचं, मिटायचं. पण लहानपणी ज्या ओघाने आधीचे भाग ऐकले-वाचले, त्या ओघाने शेवटापर्यंत कधी गेलो नव्हतो. या हिवाळ्यात गेलो. त्याबद्दलचा हा लेख आहे.

आजोबा संस्थानच्या हिशेबखात्यात कारकून होते. १ मे १९४९ ला बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा ते मुंबई सरकारचे नोकर झाले आणि १९६० साली गुजरात सरकारचे. खुर्ची तीच, टेबल तेच, वर टांगलेला फोटो तेवढा बदलला, असं ते सांगत. मी त्यांना पाहिलं ते निवृत्तीनंतर. रात्री जेवणं झाली की ते हिंचक्यावर बसत, मी पायाशी, आणि रियासतीचं वाचन सुरू होई. साधारण १९७९ ते ८२ या वर्षांतली ही गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. इतर मुलं फास्टर फेणे वाचत होती, तो मीही वाचला. पण रियासत वेगळी होती, कारण ती संपतच नव्हती.

दहा वर्षांच्या पोराला रियासत कशी काय आवडली, असं मला विचारतात. आवडायचं कारण म्हणजे त्यातली पत्रं. सरदेसाई घटना सांगता सांगता मधेच मूळ पत्र घालतात आणि तिथे भाषा एकदम बदलते. आजोबा पत्र आलं की आवाज खाली आणत, सावकाश वाचत, आणि मला वाटे की पत्र लिहिणारा माणूस आमच्या ओटीवर येऊन बसलाय. मसलत, मोकासा, रवानगी, तजवीज हे शब्द मी शाळेत नाही शिकलो, हिंचक्याखाली शिकलो. वंशावळीही मला फार आवडत. आजोबा त्या वाचत नसत, मी दुसऱ्या दिवशी वहीत उतरवून काढायचो. पुढे पाइपिंगची ड्रॉइंगं काढताना त्या वंशावळींची आठवण व्हायची: एक मुख्य वाहिनी, तिला फुटलेले फाटे, आणि कुठेतरी झाकण ठोकून बंद केलेली शाखा.

समासात आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. बहुतेक ठिकाणी नुसती उभी रेघ, कुठे इंग्रजी साल, कुठे मोडीत एखादा शब्द. जिथे गायकवाडांचं नाव येतं तिथे न चुकता रेघ आहे. डभोईच्या लढाईच्या पानांवर तर रेघांवर रेघा.

डभोईबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या मुलाची अडचण तिथे पहिल्यांदा उभी राहते. १ एप्रिल १७३१ ला डभोईजवळ बाजीराव पेशवा आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची गाठ पडली. गुजरातच्या वसुलीवर हक्क कुणाचा, हा वाद होता. दाभाडे मारला गेला. पुण्याच्या बाजूने पाहिलं तर बाजीरावाच्या विजयमालिकेतला हा एक विजय. पण दाभाड्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत पिलाजी गायकवाड होता, म्हणजे ज्याच्या वंशजांच्या तिजोरीतून आमच्या घरी तीन पिढ्या पगार आला तो. आजोबा मला डभोई दाखवायला घेऊन गेले होते, प्रतापनगरहून छोट्या गाडीने. हिरा भागोळीच्या कोरीव दगडांखाली उभं राहून मी विचारलं, "आजोबा, मग इथे आपण जिंकलो का हरलो?" आजोबा म्हणाले, "चल, परतीची गाडी चुकेल."

पुढे असे प्रसंग येतच राहतात. पेशव्याने १७५१ साली दमाजी गायकवाडाला पकडून कैदेत ठेवलं आणि निम्म्या गुजरातचा वाटा लिहून घेतला, आणि दहाच वर्षांनी तोच दमाजी पेशव्यांच्या फौजेबरोबर पानिपतावर उभा आहे, तिथून जिवंत परतलेल्या मोजक्या सरदारांपैकी एक. पानिपत आजोबांनी सलग वाचलं, रोज रात्री दुप्पट वेळ. आजी ओरडायची की पोराला झोपेत दचकायला होतं. मग थोरले माधवराव आले. आमच्या घरात माधवरावांवर सगळ्यांचाच जीव. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला ते गेले, वय सत्तावीस. ते पान संपल्यावर आजोबांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "पुढचं तू मोठा झालास की वाच. पुढे उतारच आहे."

दुसऱ्या दिवशी रात्री ते 'श्यामची आई' घेऊन बसले.

मी पुढचं वाचलं नाही. आजोबा १९८४ साली गेले. मी कलाभवनात, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत, शिकायला लागलो, आणि नंतर तीस वर्षं कारखान्यांच्या पाळ्यांत गेली. याच काळात, १९८८ ते १९९२ च्या दरम्यान, पॉप्युलर प्रकाशनाने स. मा. गर्ग्यांच्या संपादनाखाली रियासत आठ खंडांत नव्याने काढली. पगारातून पैसे बाजूला टाकून मी संच घेतला. तो मात्र माधवरावांपर्यंत पुन्हा एकदा वाचून काढला. आणि पुन्हा तिथेच थांबलो.

याला आणखी एक कारण होतं. दर मे महिन्यात आम्ही पुण्याला आत्याकडे जायचो. आतेभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, बोलण्यात तरबेज. एकदा शनिवारवाड्याच्या भिंतीवर बसून मी गायकवाडांच्या हत्तीखान्याच्या, सोन्याच्या तोफेच्या बढाया मारत होतो. तो म्हणाला, "तुमचे गायकवाड तर इंग्रजांना मिळाले होते. म्हणून तर राहिले!" मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन आजोबांना विचारलं तर ते नुसतं "हं" म्हणाले. उत्तर शेवटच्या भागात असणार हे मला तेव्हाही कळत होतं, आणि ते आपल्या सोयीचं नसावं अशी धाकधूकही होती.

आता रियासतकारांविषयी. सरदेसाई मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १८६५. बी.ए. झाल्यावर १८८९ साली ते सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले. काम काय, तर महाराजांना वाचून दाखवायचं, पुढे राजपुत्रांना शिकवायचं. महाराजांना जे वाचायचं असे त्यातलं काही मराठीत आणायचं कामही त्यांच्याकडे आलं. मॅकियाव्हेलीचा 'प्रिन्स' आणि सीलीचं इंग्लंडच्या विस्तारावरचं पुस्तक ही त्यांनी केलेली भाषांतरं त्याच दिवसांतली. शिकवण्यासाठी टिपणं काढायची, टिपणांची वही व्हायची, वहीचं पुस्तक व्हायचं. 'मुसलमानी रियासत' १८९८ साली निघाली, 'मराठी रियासती'चा पहिला भाग १९०२ साली, आणि शेवटचा, आमच्या कपाटातला तो, १९३२ साली. मधे 'ब्रिटिश रियासत'ही झाली. मराठी रियासतीचीच गणती केली तरी एक माला पुरी व्हायला तीस वर्षं लागली, आणि त्यातली बहुतेक वर्षं बडोद्याच्या नोकरीत गेली.

इंजिनिअर म्हणून मला या तीस वर्षांत एक ओळखीची गोष्ट दिसते. प्रकल्प उभारताना ड्रॉइंग एक असतं आणि प्रत्यक्षात पाइप जातो दुसरीकडून. म्हणून काम झाल्यावर 'ॲज-बिल्ट' ड्रॉइंग काढावं लागतं. सरदेसायांची अडचण अशी की त्यांचं बांधकाम चालू असतानाच जमिनीखालून नवनवे पाइप सापडत होते. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' मालेचा पहिला खंड १८९८ सालचा, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचा लेखसंग्रह, पारसनीसांची प्रकाशनं हे सगळं त्याच सुमारास बाहेर पडू लागलं. सरदेसाई एक भाग छापून मोकळे होतात न होतात तोच त्या काळावरची पत्रं कुणीतरी छापी. मग तो भाग पुन्हा लिहायचा. पुष्कळांनी अशा वेळी हात टेकले असते. राजवाडे प्रस्तावना लिहून थांबले, सरदेसाई कथा सांगत राहिले. राजवाड्यांची बुद्धी मोठी हे कुणीही मान्य करील, पण आमच्या हिंचक्याखाली राजवाडे नाही आले.

तर शेवटचा भाग. १७९५ पासून १८४८ पर्यंत. मी स्वयंपाकघरातली बोथट सुरी घेतली (धारदार सुरीने पान फाटतं, हे दोन पानं फाडल्यावर कळलं) आणि रोज एक फर्मा असं सुरू केलं.

बडोद्याची गोष्ट त्यात अशी उलगडते. गोविंदराव गायकवाड १८०० साली वारले. गादीवर आनंदराव, स्वभावाने दुबळे. भाऊबंदकी सुरू. कडीचे मल्हारराव गायकवाड बंड करून उठले. दिवाण रावजी आपाजी यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली आणि १८०२ साली मेजर वॉकर फौज घेऊन आले. कडी पडली. पण खरी डोकेदुखी बडोद्याच्या कोटातच होती. राज्यावर कर्जाचा डोंगर, आणि पगार थकलेली अरब शिबंदी. हे अरब नुसते शिपाई नव्हते. राज्याने सावकाराकडून कर्ज घेतलं की त्याला हमी यांची लागे. तिला बहांदरी म्हणत. हमी देणाराच दरवाजावर बंदूक घेऊन बसलेला. १८०२ च्या डिसेंबरात इंग्रजी फौजेने बडोद्याला वेढा घालून ही शिबंदी बाहेर काढली. तिच्या जागी बहांदरी आली ती कंपनी सरकारची. हरिभक्तीसारख्या पेढ्यांना आता इंग्रजांची हमी मिळाली आणि गायकवाडांना तैनाती फौज.

इथे मी थांबलो आणि तारखा मांडल्या. तैनाती फौजेचा गायकवाडांचा करार १८०२ च्या जूनमधला. पेशव्यांचा वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. आतेभावाच्या आरोपाला चाळीस वर्षांनी सापडलेलं उत्तर असं, की आम्ही तुमच्या पेशव्यांच्या सहाच महिने आधी इंग्रजांकडे गेलो. मी त्याला फोन केला. तो आता पुण्यात नसतो, मुलीकडे असतो. तो हसला आणि म्हणाला, "बरं, पण नंतरचं काय? वसईचा तह करणारा निदान खडकीला उभा राहिला. तुम्ही कुठे होतात?"

याचं उत्तर पुढच्या फर्म्यांत होतं, आणि ते गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या वाटेने येतं.

बडोद्यात शास्त्र्यांचं नाव ऐकलेलं नाही असा जुना मराठी माणूस सापडणार नाही. आमच्याकडे गोष्ट सांगतात ती अशी: बडोद्याचा वकील विठ्ठलाच्या दारी पुण्याच्या लोकांनी कापला. एवढीच. मीही मंडळात पहिल्यांदा बोललो तेव्हा साधारण असंच बोललो होतो, आणि वर शास्त्र्यांना 'आपले बडोदेकर' म्हणालो होतो. खरं तर ते पुण्याकडून आलेले, वॉकरच्या दिवसांत रेसिडेन्सीच्या कामातून वर चढलेले, आणि पुढे गायकवाडांचे मुतालिक झालेले. बडोद्याच्या दरबारात त्यांच्यावर प्रेम करणारे फार नव्हते.

भांडण पैशाचं होतं. पेशव्यांचा गायकवाडांवर जुन्या बाकीचा दावा, गायकवाडांचा पेशव्यांवर उलटा दावा. त्यात अहमदाबादच्या इजाऱ्याची भर. पेशव्यांच्या वाट्याचा वसूल १८०४ साली दहा वर्षांसाठी साडेचार लाखांवर गायकवाडांना दिला होता. मुदत १८१४ साली संपली आणि बाजीरावाने इजारा परत न देता त्र्यंबकजी डेंगळ्याला दिला. हिशेब मिटवायला शास्त्री पुण्यात गेले ते इंग्रजांच्या हमीवर. बाजीरावाने आधी ताठरपणा केला, मग एकदम गोडी लावली. आपल्या मेहुणीचं लग्न शास्त्र्यांच्या मुलाशी ठरवलं, नाशकात तयारीही झाली. शास्त्र्यांनी ते लांबवलं. पेशव्याची सोयरीक पत्करली तर बडोद्यात आपल्याला कोण विचारणार, हा त्यांचा पेच. नाही म्हणावं तर पेशव्याचा अपमान. मला वाटतं, शास्त्री संपले ते इथेच, पंढरपूर नुसतं निमित्त.

जुलै १८१५, आषाढीचे दिवस. रेसिडेंट एल्फिन्स्टन वेरूळची लेणी बघायला गेला होता. २० तारखेच्या रात्री शास्त्र्यांना बरं नव्हतं, त्यांनी देवळात यायला नकार दिला. डेंगळ्याकडून पुन्हा निरोप, पुन्हा निरोप. शेवटी गेले. दर्शन करून परतताना रस्त्यात मारेकऱ्यांनी त्यांना कापलं.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं: एल्फिन्स्टनचा दबाव, डेंगळ्याची ठाण्याच्या किल्ल्यातली कैद, १८१६ च्या सप्टेंबरातलं पलायन. माहीत नसतं ते हे, की एल्फिन्स्टनने बोट दाखवलं ते फक्त डेंगळ्याकडे नव्हतं. पुण्यात त्या वेळी बडोद्याहून आलेली आणखी माणसं होती. पदच्युत दिवाण सीताराम रावजी याचा हस्तक बंडोजी, आणि गोविंदरावांचा दासीपुत्र भगवंतराव. शास्त्री गेले तर सीताराम पुन्हा दिवाण होईल या आशेवर ही मंडळी होती. इंग्रजांनी त्या दोघांनाही ताब्यात घ्यायला लावलं आणि इकडे बडोद्यात सीतारामला नजरकैदेत ठेवलं. न्यायासनापुढे हा खटला कधीच चालला नाही. म्हणून कोण किती दोषी हे आज ठामपणे सांगता येत नाही, आणि जे सांगतात त्यांच्या हातात मुख्यतः रेसिडेन्सीची कागदपत्रं असतात. पण 'पुण्याने आमचा माणूस मारला' एवढीच गोष्ट सांगणाऱ्या आम्हा बडोदेकरांनी आपल्या घरातल्या माणसांची नावं सोयीने गाळली, हे उघड आहे. मीही गाळली होती. माहीत नव्हती असं नाही. संदर्भासाठी पान उघडलं होतं तेव्हा वरचा अर्धा भाग टिपून घेतला होता.

आजोबांनी कापलेलं शेवटचं पान याच्या थोडं अलीकडचं आहे. त्यांना पुढचं ठाऊक नसेल असं नाही. हिशेबखात्यातला माणूस, दप्तरं त्यांच्या हाताखालून गेलेली.

१३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात बाजीरावाकडून जे लिहून घेतलं त्यातली गायकवाडांपुरती कलमं बघा. जुन्या सगळ्या दाव्यांवर पाणी, त्याच्या बदल्यात गायकवाडांनी वर्षाला चार लाख द्यायचे. अहमदाबादचा इजारा साडेचार लाखांवर कायमचा गायकवाडांना. आणि मराठी राज्यमंडळाचं धनीपण बाजीरावाने सोडायचं. शास्त्री ज्या हिशेबासाठी गेले होते तो हिशेब त्यांच्या मरणाने मिटला, आणि बडोद्याला फायद्याचा मिटला. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. ६ नोव्हेंबरला बडोद्यात गायकवाडांनी कंपनीशी पुरवणी तह केला. खडकीची बातमी तोवर इथे पोहोचणं शक्य नव्हतं. एका दिवसात पुण्याहून बडोद्याला सांडणीस्वारही येत नाही. पण आतेभावाच्या प्रश्नाला तारखेसकट उत्तर मिळालं. तुम्ही खडकीला होतात तेव्हा आम्ही तहाचा मसुदा पक्का करत होतो. त्या मोहिमेत गायकवाडांचं घोडदळ माळव्यात उतरलं, तेही कंपनीच्या बाजूने.

हे वाचून झालं त्या रात्री मी अस्वस्थ होतो. लढायला पाहिजे होतं असं मी म्हणत नाही. आनंदरावांच्या बडोद्याकडे लढायला काय होतं? शिबंदी गेलेली, तिजोरी गहाण, हमी कंपनीची. आणि बाजीरावासाठी लढायचं, तर तो मागच्या साठ-सत्तर वर्षांच्या बाकीचा तगादा लावणारा. हिशेबाने पाहिलं तर बडोद्याचं चुकलं नाही. पण हिशेब बरोबर आला म्हणून बरं वाटतंच असं नाही, हे मला तीस वर्षांच्या नोकरीतही कळलं होतं.

गंमत म्हणा किंवा काय म्हणा, पुण्याची गादी गेली आणि बडोद्याची राहिली, म्हणून १८७५ साली कवळाण्याहून एक मुलगा दत्तक आला. त्याने १८९० मध्ये कलाभवन काढलं, जिथे मी शिकलो. १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून मांडवीजवळ ग्रंथालय उभं केलं, ज्याच्या जाड काचेच्या जमिनीवर चालत आम्ही पोरं वरच्या मजल्यावरच्या माणसांच्या चपला खालून बघायचो. आणि त्याच्याच पदरी राहून एका माणसाने मराठ्यांच्या राज्याची समग्र कहाणी लिहिली, त्यात त्या राज्याचा शेवट आणि त्या शेवटातला आपल्या धन्याच्या घराण्याचा भागही लिहिला. सरदेसायांनी शेवटचा भाग छापला तेव्हा ते नोकरीतून मोकळे झालेले होते. १९२५ साली त्यांनी बडोदा सोडलं आणि कामशेतला राहायला गेले. बडोद्यात बसून हा भाग त्यांनी वेगळा लिहिला असता का, हे मला सांगता येणार नाही. आजोबांच्या मनात मात्र तो प्रश्न आला असावा असं मला वाटतं, कारण आधीच्या सगळ्या भागांवर त्यांची सही बडोद्याच्या पत्त्यासकट आहे, शेवटच्यावर नुसती सही.

कामशेतच्या वर्षांबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. सरदेसायांचे दोन्ही मुलगे त्यांच्या आधी गेले. धाकटा श्यामकांत शांतिनिकेतनात शिकलेला, पुढे जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेला, हुशार मुलगा. त्याची पत्रं बापाने १९३४ साली 'श्यामकांताची पत्रे' म्हणून छापली. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं जुळवणाऱ्याने आपल्या मुलाची पत्रं जुळवली. ती मी वाचली आहेत, पण त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटत नाही. एवढंच की रियासतीचा शेवट ज्या हाताने लिहिला त्या हाताने ही पत्रंही त्याच सुमारास लावली. आणि त्याच सुमारास पुण्यातल्या पेशवे दप्तराचे हजारो रुमाल सोडून त्यातले निवडक कागद छापण्याचं सरकारी काम त्यांच्याकडे होतं: १९३० ते १९३४, पंचेचाळीस भाग.

म्हणजे पाहा, रियासत पुरी झाली १९३२ साली आणि त्याच वर्षांत त्यांच्याच हातून तिच्याखालची जमीन पुन्हा उकरली जात होती. दप्तरातून निघालेल्या कागदांनी आधीच्या भागांतल्या कितीतरी गोष्टी दुरुस्त करणं भाग पडलं. दुसरा कुणी असता तर वयाच्या सत्तरीत म्हणाला असता, आता पुढच्यांनी बघावं. यांनी जदुनाथ सरकारांबरोबर पुणे रेसिडेन्सीच्या कागदांच्या मालेचं संपादन केलं आणि मग इंग्रजीत तीन खंडांचा मराठ्यांचा इतिहास नव्याने लिहिला. तो १९४६ ते १९४८ मध्ये निघाला तेव्हा लेखक ऐंशीच्या पुढे होते. १९५९ साली कामशेतलाच गेले, चौऱ्याण्णव वर्षांचे.

मी शेवटचा फर्मा जानेवारीत कापला. बाजीराव ३ जून १८१८ ला माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला. मला वाटलं होतं गोष्ट तिथे संपेल, पण सरदेसाई साताऱ्याला परत येतात. छत्रपती प्रतापसिंहांना १८३९ साली गादीवरून काढून काशीला पाठवलं, आणि १८४८ साली राज्य खालसा झालं. मराठी राज्य छत्रपतीपासून सुरू झालं तर संपायलाही छत्रपतींपाशीच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. पेशवाईबरोबर पुस्तक मिटणाऱ्या आमच्यासारख्यांना ती शेवटची पानं वाचायची सवय नाही. ती पानं वाचताना घाई झाली नाही. आजोबांसारखी सावकाश वाचली, पत्रं आली तिथे मोठ्याने.

जुना संच आता मंडळाच्या कपाटात आहे. शेवटच्या भागाच्या पानांच्या कडा वेड्यावाकड्या फाटल्यात, त्याबद्दल आमच्या ग्रंथपालबाई रागावल्या आहेत. आतेभाऊ दिवाळीत बडोद्याला येतोय. त्याला डभोई बघायची आहे म्हणतो. छोटी गाडी आता नाही, मोठ्या गाडीने नेईन.